टेबल सपाट, तरी कललेले का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका गृहस्थांना उजव्या डोळ्याला पहिल्यांदाच मायनस दोनचा सिलिंडर नंबर (एकाच दिशेने काम करणारा नंबर) लागला, अ‍ॅक्सिस ९०, म्हणजे सिलिंडरचा अक्ष उभा. डाव्या डोळ्याला नंबर जवळजवळ नाही. नवा चष्मा लावल्यापासून अक्षरे स्वच्छ दिसतात, पण जेवणाचे टेबल उजवीकडे उचललेले आणि डावीकडे उतरलेले भासते, हातात धरलेले वर्तमानपत्र डाव्या कडेला जास्त उंच दिसते आणि घरातली फरशी एका अंगाला झुकल्यासारखी वाटते. नंबर दोनदा तपासून झाला आहे आणि तो बरोबर आहे. टेबल सपाट आहे हे ठाऊक असूनही ते कललेले का दिसावे, आणि मुळात एखादा पृष्ठभाग किती व कोणीकडे कललेला आहे हे मेंदूला कळते कसे, असे त्यांनी विचारले आहे.

चष्म्याचे नंबर काढणे आणि दोन डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीच्या तक्रारी तपासणे हे काम मी पुण्यात अनेक वर्षे करते आहे. अशी तक्रार अनेकदा ‘सवय होईल’ एवढ्या दोन शब्दांत उडवून लावली जाते, याचे मला वाईट वाटते, कारण रुग्णाचे वर्णन बहुतेक वेळा भूमितीशी तंतोतंत जुळणारे असते. उजव्या डोळ्याला हा नंबर आणि हा अ‍ॅक्सिस असेल तर टेबल उजवीकडेच उचललेले दिसायला हवे आणि पान डावीकडेच मोठे दिसायला हवे; उलटे दिसले असते तर मी चष्मा पुन्हा तपासायला सांगितला असता.

पृष्ठभागाचा कल म्हणजे खरे तर दोन गोष्टी: तो आपल्या नजरेच्या रेषेपासून किती अंशांनी वळलेला आहे आणि कोणत्या दिशेने वळलेला आहे. यांपैकी एकही गोष्ट डोळ्यातील प्रतिमेत थेट उमटत नाही. दृष्टिपटलावर पडते ती फक्त चपटी प्रतिमा. टेबलावर ठेवलेली गोल ताटली तिथे लंबगोल होते, आणि तोच लंबगोल सरळ समोर धरलेल्या खऱ्याखुऱ्या लंबगोल ताटलीनेही उमटला असता. म्हणजे एका प्रतिमेमागे असंख्य पृष्ठभाग संभवतात आणि मेंदूला त्यांतील सर्वांत संभाव्य असा एक निवडावा लागतो. ही निवड इतकी झटपट आणि इतकी मुकाट्याने होते की आपल्याला निवड झाल्याचे जाणवतच नाही. कल बाहेरच्या वस्तूत जसाच्या तसा दिसतो आहे असेच वाटते.

निवडीचा पहिला पुरावा पृष्ठभागाच्या पोतात असतो, आणि तो पाहायला सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याची शहाबादी फरशी उत्तम. समजा फरश्या चौरस आहेत आणि उभे असताना आपले डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच आहेत. दीड मीटर अंतरावरची फरशी आपल्याला तिच्या रुंदीच्या सुमारे ७० टक्के उंचीची दिसते, तीन मीटरवरची जेमतेम ४५ टक्के, आणि सहा मीटरवरची तर २४ टक्केच. शिवाय फरश्या लांब जाताना लहान होत जातात, त्यांच्या सांध्यांच्या रेषा एकमेकींकडे सरकत जातात आणि दगडावरच्या टाकीच्या खुणा दाट होत जातात. जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये असा मुद्दा मांडला की पोताच्या या क्रमशः होणाऱ्या बदलातच पृष्ठभागाचा कल सामावलेला असतो. त्याचे सगळेच म्हणणे आज तसे मानले जात नाही, परंतु हा मुद्दा टिकला. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे: फरश्या सर्वत्र सारख्याच आकाराच्या आहेत, असे मेंदू मनाशी धरून चालतो. ते खोटे ठरले की पोत दिशाभूल करतो.

पोताच्या पुराव्याची ताकद कलाबरोबर बदलते. समोर सरळ धरलेली चौरस वस्तू दहा अंशांनी वळवली तर तिची दिसणारी उंची केवळ दीड टक्क्याने घटते. तीच वस्तू साठ अंशांवरून सत्तर अंशांवर नेली तर उंची ५० टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर येते. वळण दोन्ही वेळा दहाच अंशांचे, पण पहिले नजरेत भरत नाही आणि दुसरे लगेच जाणवते. म्हणून समोरची भिंत किंवा हातातले पान किंचित वळलेले आहे का हे पोतावरून सांगणे अवघड, तर लांबवर पसरलेल्या जमिनीबाबत पोत भरवशाचा. अर्थात या भरवशालाही मर्यादा आहे: मोरीकडे दिलेला फरशीचा ढाळ शंभरास एक असेल तर तो अर्ध्या अंशाहून थोडाच जास्त भरतो, आणि म्हणूनच अनुभवी गवंडी नुसत्या नजरेवर न विसंबता पाणसळ लावतो आणि शेवटी बादलीभर पाणी ओतून पाहतो.

दुसरा पुरावा दोन डोळ्यांचा, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. आपले डोळे एकमेकांपासून साधारण सहा ते साडेसहा सेंटीमीटर अंतरावर असल्याने त्यांच्या प्रतिमा किंचित वेगळ्या असतात. केवळ या फरकातून खोलीची जाणीव निर्माण होते हे चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवले. आणि १९६० मध्ये बेला युलेसने निव्वळ विखुरलेल्या ठिपक्यांच्या जोडचित्रांतून हे सिद्ध केले की त्यासाठी ओळखीचा आकार, रेषा किंवा छाया यांची काहीही गरज नसते. आता एक भिंत अशी कल्पावी की तिची उजवी बाजू आपल्यापासून लांब गेली आहे. ती उजव्या डोळ्याकडे जास्त तोंड करून असते, म्हणून उजव्या डोळ्यातील तिची प्रतिमा डाव्याहून थोडी रुंद असते. उजवी बाजू जवळ आली तर उलट, उजवी प्रतिमा अरुंद. मेंदूचा नियम असा: दोन प्रतिमांच्या रुंदीत फरक दिसला तर पृष्ठभाग उभ्या अक्षाभोवती वळलेला आहे.

चष्म्याची काच प्रतिमा नुसती स्पष्ट करत नाही, तर तिचा आकारही बदलते. मायनस काच प्रतिमा लहान करते, ढोबळमानाने एका नंबरामागे दीड टक्क्याच्या आसपास. मायनस दोनचा सिलिंडर ९० अ‍ॅक्सिसवर असेल तर त्याची शक्ती आडव्या दिशेने लागते, म्हणजे उजव्या डोळ्यातील प्रतिमा साधारण तीन टक्क्यांनी अरुंद होते, उंची मात्र तशीच राहते. मेंदूच्या दृष्टीने हा अगदी ‘उजवी बाजू जवळ’ असाच पुरावा आहे. चाळीस सेंटीमीटरवर सरळ धरलेल्या वर्तमानपत्रासाठी हिशेब केला तर सुमारे अकरा अंशांचा कल निघतो. समोरच्या पानाची उजवी कड जवळ भासते, तर टेबल आणि फरशी यांची उजवी बाजू जवळ म्हणजेच वर उचललेली भासते. पान डावीकडे मोठे का दिसते याचे उत्तरही इथेच आहे: दोन्ही कडा प्रत्यक्षात सारख्याच उंच आहेत, परंतु डावी कड लांब आहे असे मेंदूने ठरवल्यामुळे, लांब असूनही एवढी दिसते म्हणजे ती मोठीच असणार, असा तो पुढचा निष्कर्ष काढतो.

तिरक्या अ‍ॅक्सिसच्या नंबरात उभ्या रेषाच दोन डोळ्यांत विरुद्ध बाजूंना किंचित कलतात. अशा वेळी टेबल डावी-उजवीकडे न कलता पुढे-मागे कलते; चालताना जमीन पायाखालून उतरत गेल्यासारखी वाटते.

या हिशेबात एक विलक्षण बारकावा आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कोथरूडच्या गृहस्थांच्या चष्म्यात काचेने प्रतिमा आडवी लहान केली, उभी नाही. केनेथ ओगल या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये याच्या उलटा प्रयोग मांडला: एका डोळ्यातील प्रतिमा फक्त उभ्या दिशेने मोठी केली. उंचीतल्या फरकातून पृष्ठभाग उभ्या अक्षाभोवती वळण्याचे सरळ कारण काही नाही, तरीही तो वळलेला दिसला, आणि तोही आडव्या मोठेपणाने जिकडे वळला असता त्याच्या विरुद्ध दिशेने. याचे स्पष्टीकरण असे. एखादी वस्तू आपल्या उजवीकडे, जवळ असेल तर ती उजव्या डोळ्याला अधिक जवळ पडते आणि उजवी प्रतिमा रुंदी व उंची दोन्हींत मोठी होते. वस्तू वळलेली मात्र नसते. म्हणून नुसती रुंदी पाहून कल ठरवणे धोक्याचे असते आणि मेंदू रुंदीच्या फरकातून उंचीचा फरक वजा करून मगच कल ठरवतो. यातून व्यवहारातली एक गोष्ट कळते: प्रतिमा सर्व दिशांना सारखी लहान-मोठी करणाऱ्या साध्या नंबराने पृष्ठभाग फारसे कलत नाहीत, कारण दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. एकाच दिशेने काम करणारा सिलिंडर मात्र कल निर्माण करतो.

मग घरातली भिंत खरोखरच गणिताने सांगितलेल्या अंशांनी फिरलेली का दिसत नाही? कारण पोत, खोलीचे कोपरे आणि दरवाजांच्या चौकटी विरुद्ध साक्ष देत असतात. मेंदू या साक्षींपैकी एक निवडून बाकीच्या फेकून देत नाही. प्रत्येक पुरावा त्या प्रसंगी किती भरवशाचा आहे त्या प्रमाणात त्याला वजन देऊन मधला अंदाज काढतो. समोर जवळच असलेल्या, कमी कललेल्या पृष्ठभागासाठी दोन डोळ्यांचा फरक वजनदार ठरतो. लांबच्या, खूप कललेल्या पृष्ठभागासाठी पोत. २००२ मध्ये हिलिस, अर्न्स्ट, बँक्स आणि लँडी यांनी पोत आणि दोन डोळ्यांचा फरक यांचे कल जाणूनबुजून वेगवेगळे ठेवून दाखवले की माणसाला फक्त एकत्रित अंदाज उरतो. त्यामागचे वेगवेगळे पुरावे त्याला नंतर सुटे करून पाहता येत नाहीत. ‘टेबल सपाट आहे हे मला माहीत आहे’ या ज्ञानाने टेबल सपाट दिसू लागत नाही ते याचमुळे: निकाल हाती येतो तेव्हा पुरावे आधीच मिसळून गेलेले असतात.

अमेरिकेतील डार्टमथ येथील संस्थेत या तक्रारी तपासण्यासाठी एक खोली केली होती, जिच्या भिंती, छत आणि जमीन पानांनी झाकून टाकली होती. सरळ रेषा, कोपरे, चौकोन काहीही उघडे नव्हते, म्हणून यथार्थदर्शनाची साक्ष बंद पडे आणि एका डोळ्यासमोर प्रतिमा मोठी करणारी काच धरताच सगळी खोली कललेली दिसे. याच कारणाने वेताळ टेकडीवरच्या झाडीत किंवा बागेतल्या हिरवळीवर नवा चष्मा जास्त त्रास देतो, आणि चौकोनी फरशीच्या खोलीत कमी.

तिसरा पुरावा हालचालीचा. डोके थोडेसे हलवले की कललेल्या पृष्ठभागाचे जवळचे भाग वेगाने आणि लांबचे हळू सरकतात, आणि या वेगाच्या चढउतारातून कल कळतो. ज्यांना एकाच डोळ्याने दिसते किंवा लहानपणच्या तिरळेपणामुळे ज्यांची दोन डोळ्यांची एकत्रित दृष्टी तयार झाली नाही, त्यांना पृष्ठभाग सपाट चित्रासारखे दिसतात हा गैरसमज आहे. पोत आणि हालचाल यांवर त्यांचे काम चांगले चालते. हाताच्या अंतरावरच्या बारीक कामात मात्र त्यांना उणीव जाणवते.

छायेचा पुरावा मी थोडक्यात सांगते, कारण तो सर्वांत संदिग्ध आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीतील ठोक्यांनी मठारलेला तांब्याचा हंडा पाहावा. प्रत्येक ठोक्याचा खळगा एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद असतो, आणि प्रकाश वरून येतो असे मेंदू गृहीत धरत असल्याने, त्याच हंड्याच्या जवळून काढलेल्या छायाचित्राला उलटे धरल्यास खळगे फुगवट्यांसारखे दिसू शकतात. चकाकीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बहिर्गोल पृष्ठभागावरील चकाकी दोन डोळ्यांना पृष्ठभागाच्या किंचित मागे असल्यासारखी भासते, आणि ब्लेक व ब्युल्टहॉफ यांनी १९९० मध्ये दाखवले की चकाकीची ही जागा मेंदू आकार ठरवण्यासाठी खरोखर वापरतो. छाया मात्र एकटी असेल तर उथळ आणि खोल कोरीवकामात फरक करू शकत नाही.

हे सारे कुठे घडते? दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकत्र होतात त्या डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात, पण तिथल्या पेशी एकेका बिंदूचा फरक मोजतात. त्यांना पृष्ठभाग ठाऊक नसतो. पुढच्या टप्प्यांवर, उदाहरणार्थ हालचालीसाठी प्रसिद्ध असलेल्या एमटी क्षेत्रात, अशा पेशी भेटतात ज्या फरक कसा बदलत जातो यावरून ठराविक दिशेच्या कलाला प्रतिसाद देतात. परंतु कलासाठी सर्वांत महत्त्वाचे ठरलेले क्षेत्र मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या पॅरायटल खंडातील एका खाचेच्या मागच्या टोकाला आहे. त्याला सीआयपी म्हणतात. जपानमधील हिदेओ साकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांमध्ये येथे कलानुसार प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या, आणि २००२ मध्ये त्सुत्सुई व सहकाऱ्यांनी दाखवले की यांतील काही पेशी कल पोतातून दाखवला काय आणि दोन डोळ्यांच्या फरकातून दाखवला काय, त्याच कलाला पसंती देतात. म्हणजे तिथे पुरावा कोणता हे मागे पडते आणि निष्कर्ष उरतो. २०१४ मध्ये रोझेनबर्ग आणि अँजेलाकी यांनी माकडांना बाजूला झुकवून तपासले, तेव्हा यांतील अनेक पेशींवर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचाही परिणाम आढळला. टेबल ‘जमिनीच्या तुलनेत’ सपाट आहे की नाही हे ठरवायला आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचीही मदत लागते, हे यातून कळते.

सीआयपीकडून माहिती पुढे हाताच्या पकडीशी संबंधित क्षेत्रांकडे जाते. डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या मेंदूला कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने इजा झाली होती. समोरच्या चकतीतील फट उभी आहे की आडवी हे तिला सांगता येत नसे, पण हातातले कार्ड त्या फटीत ती अचूक वळवून घालत असे. गुडेल, मिलनर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. तिथे फट समोरच्या प्रतलातच फिरवली होती, त्यामुळे आपल्या विषयाशी तिचे नाते दुरून आहे. तरी पाहणे आणि पाहून कृती करणे यांचे मार्ग काही प्रमाणात वेगळे असतात, हे त्यातून नीट दिसते.

चष्मा नसतानाही कलाचे अंदाज चुकतात. प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांना टेकड्यांचे चढ अंशांत सांगायला लावले, तेव्हा पाच अंशांचा चढ लोक सुमारे वीस अंशांचा सांगत. पाठीवर ओझे असले की चढ आणखी खडा दिसतो, या त्यांच्या पुढच्या दाव्यावर बराच वाद झाला आणि मला तो वाद रास्त वाटतो. पण चढ मूळच्याहून खडा दिसतो यात शंका नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी उभे राहून कोणालाही हे करून पाहता येईल, फक्त हाताशी मोबाइलमधला कोनमापक असावा. लेहजवळच्या प्रसिद्ध ‘मॅग्नेटिक हिल’वर गाडी आपोआप चढ चढते असे वाटते तेही असेच: आजूबाजूच्या उतारांमुळे खरे क्षितिज कळत नाही आणि सौम्य उतार चढ म्हणून वाचला जातो.

आता मूळ तक्रारीकडे. दिलासा देणारी गोष्ट ही की मेंदू हा हिशेब नव्याने बसवून घेतो. अ‍ॅडम्स, बँक्स आणि व्हॅन ई यांनी २००१ मध्ये काही जणांना एका डोळ्यापुढे आडवी मोठी करणारी काच काही दिवस घालायला दिली. सुरुवातीला सर्वांना मोठे विपर्यास दिसले, नंतर ते ओसरले. महत्त्वाचे असे की दोन डोळ्यांच्या पुराव्याचे वजन कमी झाल्याने ते ओसरले नव्हते. अमुक फरक म्हणजे अमुक कल, हे कोष्टकच मेंदूने बदलले होते. म्हणूनच चष्मा सकाळी उठल्यापासून सलग लावावा. तासभर लावून काढून ठेवला तर जुने आणि नवे कोष्टक आळीपाळीने चालते आणि जम बसायला वेळ लागतो. पहिले काही दिवस जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा आणि दुचाकी शक्यतो चालवू नये.

घरी एक तपासणी करता येते. चष्मा लावून टेबलाकडे पाहावे आणि आधी एक, मग दुसरा डोळा हाताने झाकावा. कोणताही डोळा झाकल्यावर कल नाहीसा होत असेल तर तो दोन प्रतिमांच्या फरकातूनच येतो आहे आणि सवयीने जाण्याची शक्यता चांगली आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही टेबलाची कड वाकडी किंवा लाटेसारखी दिसत असेल तर कारण वेगळे शोधावे लागते: काच फ्रेममध्ये फिरून बसली असेल, किंवा चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) असून नजर त्याच्या खालच्या कडांतून जात असेल. कड एका डोळ्याला सरळ आणि दुसऱ्या डोळ्याला वाकडी दिसू शकते, म्हणून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासावेत.

दोन-तीन आठवड्यांतही फरक पडला नाही तर नंबर काढणाऱ्याकडे परत जावे आणि तक्रार ‘त्रास होतो’ एवढीच न सांगता कोणती बाजू वर, कोणती खाली आणि कोणत्या अंतरावर, अशी सांगावी. त्यावरून बरेच काही करता येते. फ्रेम डोळ्यांजवळ बसवली की आकारातला फरक कमी होतो, दोन्ही काचांची वक्रता आणि जाडी जुळवून घेता येते, सिलिंडर तात्पुरता थोडा कमी देऊन टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, आणि डोळ्याला योग्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण ती डोळ्यावरच बसते आणि प्रतिमेचा आकार फारच थोडा बदलते.

एका प्रसंगी मात्र वाट पाहू नये. चष्मा बदललेला नसताना अचानक सारी खोलीच तिरकी किंवा उलटी दिसू लागली, आणि त्यासोबत चक्कर, उलटी, दुहेरी दिसणे, बोलण्यात जडपणा किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल तर हा प्रश्न काचेचा नसून मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्तपुरवठ्याचा असू शकतो. तेव्हा चष्म्याच्या दुकानात न जाता तातडीने मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.